चारांचं राजभोजन

कोरीट, ८ एप्रिल २०२५

हेमकांतभाऊ,

मी फोन उचलत नाही म्हणून तू शेजारच्या धनुबाईला फोन केलास, आणि आता अख्ख्या गल्लीला कळलं की रुपा भावाशी बोलत नाही. बोलते रे बाबा, पण फोनवर नाही. तू स्पीकर लावतोस, मागून वहिनी सांगते ते तू पुढे बोलतोस, आणि माझं उत्तर यायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्रात तसं करता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि उत्तरही पत्रानंच पाठव.

आता तुझ्या प्रश्नाचं. मे महिन्यात आपण सगळे वापीजवळच्या त्या रंगमहाल पार्कात जायचं, हे तू ठरवलंच आहेस. जेवणाची सिल्व्हर योजना घेतलीस, ती वाढवून गोल्ड करायची का, ते मायला विचारून कळव म्हणालास. धनुबाईनं येऊन सांगितलं, "तुन्हा भाऊ इचारी ऱ्हायना, सोनं पाहिजे का चांदी?" दोन दिवस गल्लीत सगळ्यांना वाटत होतं, आपल्याकडे लग्न निघालं.

माझं मत विचारशील तर सिल्व्हर पुष्कळ झालं. एका हॉलात थाळी मिळते, पोट भरतं, आणखी काय हवं? पण तुझ्या भावेशनं पाठवलेला तो व्हिडिओ मी मायला दाखवला आणि घोटाळा झाला. गोल्डवाल्यांना संध्याकाळी राजवाड्यात जेवायला बसवतात. राजाचा वेश केलेला माणूस येतो, तुतारी वाजते, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन स्वागत होतं, आणि सगळं घर एका टेबलाला बसतं. मायनं तो व्हिडिओ परत परत लावायला लावला. मग म्हणाली, "रुपा, मी या घरमा ऊनू तवयपासून सगळास्ना संगे जेवाले कधी बठनू नही. पहिले माणसं, मंग पोरं, मंग आपुन चुल्हापाशी उरनंसुरनं. एकदाव सगळा एक पंगतमा बठाले पाहिजेत. माले डोळाभर देखू दे."

कर गोल्ड. राजा तर राजा.

आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. फारकत घेऊन या घरी परत आले, तेव्हापासून मी नंदुरबारच्या बाजारापलीकडे पाय ठेवलेला नाही. पपईला पाणी द्यायचं शेतावरच्या वाहरूला आत्तापासून सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "ताई, राजाना घरनं जेवी यी तवय माले वळखशी ना?" ती हिरवी साडी, आप्पा होते तेव्हा घेतलेली, पेटीतून काढून उन्हात टाकली आहे.

तुझी,
रुपा

◆

नाशिक, १५ एप्रिल

चि. रुपास आशीर्वाद.

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शिपाई घेऊन आला तेव्हा सगळे विचारायला लागले, साहेब, कोर्टाची नोटीस आली का? या काळात पत्रं लिहिणारी तू एकटीच. पण तुझा हट्ट म्हणजे आप्पांचा हट्ट, त्यापुढे मी काय करणार! म्हणून मीही लिहितो आहे.

आनंदाची बातमी अशी की गोल्ड करून टाकलं. मायला सांग, तिचं नाव तुतारी वाजवून घेणार आहेत. राजमाता सिंधुबाई. गल्लीत सांगून टाक.

मधे एक बारीकशी अडचण आली होती, ती मी डोकं लावून सोडवली. झालं असं की पहिल्यांदा बुकिंग करताना तिथल्या मुलीनं फोनवर विचारलं, "सर, फॅमिलीत किती मेंबर?" आता आपल्या घराची सवय तुला ठाऊक आहे. घरात माणसं किती म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कानबाईचा रोट येतो. श्रावणात देवीपुढे आप्पा त्या रोटाच्या प्रसादासाठी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गव्हाची मूठ टाकायचे, आता मी टाकतो. तशीच मी नावं घेतली. मायची मूठ, माझी, कामिनीची, भावेशची. चार म्हणून सांगितलं. तुझी मूठ लग्नात निघाली, त्यामुळे तू त्या मोजणीत येतच नाहीस. तोंडून गेलं ते गेलं. सिल्व्हरमध्ये ते अडलंही नसतं, तिथे कोणीही ताट घेऊन कुठेही बसतं. पण राजभोजनाचं टेबल चारांचं असतं. पाच म्हटलं की आठांचं घ्यावं लागतं, आणि राजासमोर तीन खुर्च्या रिकाम्या ठेवून बसणं बरं दिसत नाही. लोकांना वाटतं, यांची माणसं रुसून गेली.

मग त्या मुलीनंच मार्ग सुचवला. वयस्कर माणसाबरोबर एक मदतनीस नेता येतो. तुझं नाव मायची मदतनीस म्हणून घातलं. तुला सगळीकडे फिरता येईल, मायबरोबर गाडीत बसता येईल, पाळण्यातसुद्धा. फक्त जेवण मदतनिसांच्या हॉलात. वरण, भात, भाजी, पोळी. तुला नाहीतरी ते मसालेदार तंदुरी प्रकार आवडत नाहीत, म्हणजे तुझ्या मनासारखंच झालं. गळ्यात ओळखपत्र घालावं लागतं, आणि कपडे साधे, फिक्या रंगाचे, असा त्यांचा नियम आहे. तेव्हा ती हिरवी साडी घरीच ठेव.

वाईट वाटून घेऊ नकोस. नियम त्यांचा आहे, माझा नाही. मायला आत्ताच सांगायची गरज नाही, तिथे गेल्यावर कळेलच. गाडीची तिकिटं ११ मेची काढतो. आम्ही कारनं परस्पर पोचतो, तुम्ही दोघी नंदुरबारहून सुरतेच्या गाडीनं या, पुढे मी घ्यायला येतो.

तुझा भाऊ,
हेमकांत

◆

कोरीट, १९ एप्रिल

भाऊ,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतोस. दुसऱ्यांदा वाटलं, मलाच नीट वाचता येत नाही. तिसऱ्यांदा वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं आणि शेतात गेले. तिथे वाहरूवर उगाच ओरडले. बिचारा म्हणाला, "ताई, मी काय कयं?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

रोटाचं मला सांगतोस? कानबाईचे गहू मी निवडते. जात्यावर मी दळते, तोंडाला फडकं बांधून, की पिठावर श्वास जाऊ नये. पुरण मी वाटते, मांडे मी भाजते, आणि हे सगळं उपाशीपोटी. तुम्ही नाशिकहून येता, आंघोळ करून देवीपुढे बसता, भाऊबंदांबरोबर रोट खाता. मी ओसरीवर बसून धनुबाईकडची खिचडी खाते, कारण रोट दुसऱ्या कुळाच्या तोंडात जायला नको. इतकी वर्षं कधी बोलले का? देवीची रीत आहे, तिच्यापुढे माझं काय चालणार, म्हणून गप्प बसले. पण भाऊ, वापीच्या त्या पार्कात कोणती कानबाई बसली आहे रे? तिथे तर पगारी राजा बसलाय. त्याच्यापुढेही माझी मूठ नको?

आणि दुसरं कूळ म्हणजे कोणतं? ज्यांनी मला दाराबाहेर काढून आत दुसरी आणून बसवली, ते? त्यांच्या रोटात मी नाही, तुमच्या रोटात मी नाही. मग मला जेवायला घालणार कोण, ते तरी सांग.

म्हणे डोकं लावून सोडवली! हे डोकं तुझं नाही, मला माहीत आहे. नवऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारी कोण आहे, तेही माहीत आहे. वहिनीला सांग, नणंद टेबलाला नको होती तर सरळ नको म्हणायचं होतं. गळ्यात पाटी कशाला?

मी येत नाही. पपईची फळं उतरवायची आहेत, तोडा आहे म्हणून सांगेन. मायला अजून काही बोलले नाही. ती रोज ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमनं सगळास्नं नाव राजा लेनार शे." सगळ्यांचं म्हणते रे ती. मी ऐकते आणि घरात जाते.

रुपा

◆

नाशिक, २५ एप्रिल

रुपाताई,

हे पत्र मी लिहिते आहे, कामिनी. तुमच्या भावाला माहीत नाही आणि माहीत झालं तरी मला पर्वा नाही.

परवा ते तुमचं पत्र घरी घेऊन आले आणि मला वाचून दाखवायला लागले. मधेच अडखळले, एक पान उलटून पुढे गेले. मी हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. नवऱ्याच्या खांद्यावर बंदूक! ताई, तुम्हाला मदतनीस केलंय हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला तर ते म्हणाले होते, रुपाला तसलं जेवण नको आहे, ती सिल्व्हरवरच खूश आहे. मी विश्वास ठेवला, कारण तुम्ही कधी काही मागतच नाही. ती माझी चूक. पण त्यापलीकडचं माझ्या माथी मारू नका. लग्न झाल्यापासून बघते आहे, या घरात भाऊ चुकला की वहिनीनं शिकवलं, आणि भाऊ बरा वागला की आप्पांचे संस्कार. फोन स्पीकरवर ते ठेवतात, मी मागून बोलते ते "ताईंना विचारा तब्येत कशी आहे" एवढंच असतं. तेवढंही तुम्ही ऐकलेलं नाही.

तुमच्यावर रागावले आहे. तरीपण जे खरं आहे ते सांगते. तुमच्या लग्नानंतर दोनच महिन्यांनी मी या घरात आले. त्या श्रावणात आप्पांनी पहिल्यांदा माझ्या नावाची मूठ टाकली. मी नवी नवरी, मला केवढा अभिमान वाटला, की आता मी या घरची झाले. ती जागा कोणाची रिकामी झाली होती, हे माझ्या मनात आलं नाही. तुमचं पत्र वाचलं तेव्हा आलं.

मी यांना सांगितलं, आठांचं टेबल घ्या. तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर राहिल्या. तर म्हणाले, आता बदललं तर रुपाला वाटेल, चार ओळी खरडल्या की भाऊ वाकतो. मग मी म्हटलं, पाटी माझ्या गळ्यात घाला, मी बसते मागच्या हॉलात, चौथी खुर्ची ताईंना द्या. त्यावर दोन दिवस आमच्यात बोलणं नाही.

तुम्ही या. मी खुर्चीवरून उठेन, शब्द देते.

कामिनी

◆

नाशिक, ३० एप्रिल

रुपा,

वा! नणंद-भावजय एक झाल्या आणि मी एकटा वाईट ठरलो. सगळ्यांना फिरायला न्यायचं माझ्या मनात आलं, हाच माझा गुन्हा. गावात बसून दुसऱ्याच्या कामात खोड काढायला काही लागत नाही.

पपईचा तोडा म्हणे! तू आली नाहीस तर माय कशी येईल, याचा विचार केलास? तिला पायऱ्या चढवायच्या, बाथरूमला न्यायचं, जेवणानंतरची गोळी द्यायची, रस्त्यात चक्कर आली तर धरायचं. कामिनीला त्यातलं काही येत नाही, आणि मायही तिला करू देत नाही. हे सगळं तू घरी रोज करतेस. तेच तिथे करायचं आहे. घरी केलं तर सेवा आणि गळ्यात कार्ड घालून केलं तर अपमान, हे मला तरी समजत नाही. कार्डावर जे लिहिलंय ते खोटं आहे का, तू सांग.

आणि देवीच्या रीतीवर वाकडं बोलू नकोस. ती मी काढलेली नाही. त्या रीतीनं हे घर आजवर टिकलं.

माय त्या राजभोजनावर डोळे लावून बसली आहे. तुझ्या रुसव्यापायी तिची पंगत मोडायची असेल तर खुशाल मोड. पण मग तिला तोंड तूच दाखव.

हेमकांत

◆

कोरीट, ४ मे

भाऊ,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तरी तुझ्या पत्राबद्दल तक्रार नाही. या सगळ्यात पहिल्यांदा तू खरं लिहिलंस. भूल म्हणून माझं नाव राहिलं नव्हतं आणि टेबल लहान म्हणूनही नाही. मदतनीस तुला हवीच होती. ती सोबत आली पाहिजे, पण टेबलाला नको.

मी ठरवलं होतं की मायला काही सांगायचं नाही. तुझं पत्र आल्यावर ठरवलं, आता सगळं सांगायचं. तिला खाटेवर बसवलं आणि तुझी दोन्ही पत्रं, माझी आठवत होती तशी, आणि वहिनींचंही, अशी सगळी वाचून दाखवली. एक अक्षर गाळलं नाही. ती पदराशी चाळा करत ऐकत होती. मी म्हटलं, आता बोल. तुझी पंगत आहे, तू ठरव. मला वाटलं, आता म्हणेल, मन्ही पोर नही ते मी बी नही. खोटं कशाला सांगू, मी त्याचीच वाट बघत होते.

तर ती म्हणाली, "तू ते घरनीच शे ना? तुले काय पाहुनचार लागस का? हेमूनी इतलं कयं, त्यानं मन मोडानं नही. कामिनीले सांग, खुर्चीवरतीन उठू नको. सून पंगतमा नही बठनी ते लोके काय म्हंतीन?"

म्हणून येते आहे. वहिनींना सांग, शब्दातून मोकळं केलं. फिक्या रंगाची साडी माझ्याकडे नाही, धनुबाईची मागून आणली आहे.

रुपा

◆

नाशिक, १९ मे

रुपा,

वापीहून निघाल्यापासून तू एक शब्द बोलली नाहीस. सुरत स्टेशनवर निरोप घेताना मी हात हलवत राहिलो, तू खिडकीतून बघितलंसुद्धा नाहीस. मायचा फोन आला होता धनुबाईकडून. म्हणाली, रुपा जेवायला वाढते पण बोलत नाही. म्हणून मीच आपण होऊन लिहितो, मोठा आहे म्हणून.

एवढी चांगली सहल झाली. माय पाळण्यात बसली, लहान पोरीसारखी हसली. राजमाता सिंधुबाई म्हणून तुतारी वाजली तेव्हा तिनं डोळे पुसले, मीही पुसले. आप्पा असते तर, असं वाटलं. हे सगळं तू लक्षात ठेवणार नाहीस. लक्षात ठेवशील ती एक गोष्ट.

त्यात कोणाचा काय दोष होता? जेवण झालं, मायच्या गोळीची वेळ झाली. तिथल्या माणसानं पद्धतीप्रमाणे माइकवर पुकारलं, सात नंबर टेबलाचे मदतनीस यावेत. तू गोळी आणि पाणी घेऊन आलीस. तेवढ्यात तो राजा नेमका आपल्या टेबलाशी उभा. त्याचं कामच लोकांना हसवायचं. त्यानं मायपुढे माइक धरला आणि विचारलं, "राजमाता, ही देवी कोण?" सगळे लोक बघत होते. माय काय करणार? ही माझी लेक, असं म्हणाली असती तर लोकांनी विचारलं नसतं का, की लेक मागच्या हॉलात कशी, गळ्यात कार्ड कसं? माझी काय शोभा राहिली असती? मायनं वेळ ओळखली आणि निभावून नेलं. म्हणाली, "ही मन्ही बाई शे. मन्हं सगळं करस." केवढ्या टाळ्या पडल्या! घराची लाज तिनं राखली. या वयात एवढं भान, मला तर कौतुक वाटलं.

आणि तू? राजानं सगळ्यांसमोर सेवेचं बक्षीस म्हणून खोट्या मोत्यांची माळ तुझ्या हातात दिली, ती तू उष्ट्या ताटात ठेवलीस आणि निघून गेलीस. तो बिचारा माइक धरून तसाच उभा. कामिनी ताटावरून उठली, भावेश तिच्या मागे गेला. गुलाबजाम आले तेव्हा टेबलाला मी आणि माय दोघंच. हीच का ती पंगत? बाकीच्या टेबलांवरचे लोक बघत होते. मी काय तोंड दाखवायचं?

आता झालं गेलं विसर. कामिनी माझ्याशी नीट बोलत नाही, निदान तू तरी शहाणपणा कर. जूनमध्ये मायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, तारीख मी कळवतो. तू घेऊन ये.

हेमकांत

◆

कोरीट, २५ मे

हेमकांतभाऊ,

मायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तू ने. रविवारी एक तारखेला कार घेऊन ये. तिची पिशवी भरून ठेवली आहे. गोळ्यांची पाकिटं वरच्या कप्प्यात आहेत, सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या बांधल्या आहेत. ती पायरी उतरताना उजवा हात धरायचा, डावा खांदा दुखतो. बाथरूमचं दार आतून लावू द्यायचं नाही. तिला भाकरी दुधात कुस्करून लागते, आणि एकदा सांगितलेलं ती ऐकत नाही, तेव्हा रागवायचं नाही, परत सांगायचं. वहिनींना यातलं काही येत नाही म्हणालास. मलाही येत नव्हतं.

तुला वाटेल, मी रागाच्या भरात लिहिते आहे. हो, रागच आहे. तिथे सगळ्यांसमोर रडू आलं नाही, रागच आला, आणि अजून उतरलेला नाही. पण डोकं ठिकाणावर आहे. मदतनिसांच्या त्या हॉलात माझ्या शेजारी एक बाई जेवत होती. सुरतेच्या कोणा शेठाणीबरोबर आली होती. वरणभात कालवताना मला म्हणाली, पुढच्या महिन्यात हे काम सोडणार, सांगून टाकलंय. एवढ्या सहज म्हणाली, आणि परत भात खायला लागली. मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मला आजवर सुचलंच नव्हतं की असं सांगता येतं. लेकीला कुठे सांगता येतं? लेक कामावर नसते, मग ती काम सोडणार कशी? पण मी आता लेक नाही. तू कार्ड करून दिलंस, मायनं माइकवर सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुम्हा दोघांना सांगते आहे, एक तारखेपासून मी काम सोडलं.

वहिनींवर सगळं पडेल, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यावर टाकू नकोस. आई तुझी आहे, रजा तू काढ. वहिनींना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात माफी मागितली आहे. ते तुला वाचायला देतील की नाही, त्यांची मर्जी.

मायला काल दुपारी सांगितलं. ती ओट्यावर चिंच फोडत होती. मी म्हटलं, रविवारी भाऊ येईल, तू नाशिकला जायचं, आता तिथेच राहायचं. तिला पहिल्यांदा वाटलं, डोळ्यांसाठी. मग कळलं. हातातली चिंच तशीच राहिली.

"मंग तू कोठे जाशी?" म्हणाली.

"कोठेच नही. मी आठेच ऱ्हासू. काम सोडस मी, घर नही सोडत."

मी पपईकडे जाऊन आले, भाकरी टाकल्या, तिला वाढलं. तिनं ताट पुढे ओढलं नाही. मला म्हणाली, तुझं ताट घे, माझ्याजवळ बस. मी म्हटलं, मला भूक नाही. खरंच नव्हती. मग ती खाली बघत म्हणाली, "रुपा, राजानापुढे मी खोटं बोलनू व माय."

मी म्हटलं, "नही माय. तू खरं बोलनी. मालेच इतला वरीस ठाऊक नव्हतं."

रुपा